कडीबाहेर ऐकलेला चित्रपट

चित्रपट आणि साहित्य लेखनाच्या सेमिनारला दर तासाला मी माझ्या अपेक्षा फळ्यावर लिहायचो. चित्रपट सुरू झाला की दाराला कडी. मोबाईल पिशवीत. न पाहता लिहायचं नाही. दुसऱ्याचं उतरवायचं नाही. मुलांची अपेक्षा एकच, नोट्स. यातलं पेपरला काय येणार ते सांगा, पाठ करतो, असा सूर. वह्या तपासायला घेतल्या की एकाच गाईडचे उतारे पानोपानी. ती चिडचिड घरी जेवतानाही उतरायची नाही.

एका वर्षी अकोले तालुक्यातल्या डोंगरातल्या एका गावातून एक मुलगी यायची. तिकडची जीप भरल्याशिवाय हलत नाही, त्यामुळे ती पोचायची ती कडी लागल्यावरच. पहिल्यांदा तिनं दार वाजवलं. मी उघडून नियम सांगितला आणि पुन्हा लावून घेतलं. त्यानंतर तिनं कधी वाजवलं नाही. ती बाहेर बसते हे मला माहीत नव्हतं, असं मी सगळ्यांना सांगत आलो. माहीत होतं. दाराखालच्या फटीत तिची सावली दिसायची.

सत्राअखेर एका जुन्या चित्रपटावर निबंध होता. तिनं लिहिलं होतं की या घरात बाप बोलायला लागला की आईच्या भांड्यांचा आवाज थांबतो. शेवटी एकदाच तो थांबत नाही, आणि गोष्ट तिथंच संपते. हा चित्रपट मी वर्षानुवर्षं दाखवत होतो. मला असलं काही आठवेना. वर मुलांच्या गाईडांचा राग होताच. लाल पेनानं 'चित्रपट पाहिलेला नाही' असं लिहून मी शून्य दिलं. त्या गुणांवर तिचं सेमिनारमध्ये राहणं अवलंबून होतं.

ती वही घेऊन स्टाफरूममध्ये आली. भांडली नाही.

"पाहिला न्हाई, सर. ऐकला. ऐकलेलं चालत न्हाई का?"

शेजारचे सर म्हणाले, "हिला आकाशवाणीवर पाठवा." मीही हसलो. एकीला सूट दिली तर उद्या सगळेच उशिरा येतील, असं काहीबाही बोललो. ती वही मिटून गेली.

रविवारी घरी तो चित्रपट लावला आणि पडद्याकडे पाठ करून बसलो. भांडी थांबत होती. दर वेळी. शेवटी थांबली नाहीत.

गुणांची यादी तोवर माझ्याच खणात होती. एक आकडा खोडायचा होता, एवढंच. पण खोडला असता तर का खोडला ते सांगावं लागलं असतं. सोमवारी यादी तशीच ऑफिसात दिली. पुढच्या सत्राला तिनं विषय बदलला. व्हरांड्यात समोरून आली की मान खाली घालायची. खरं तर ती मी घालायला हवी होती.

तेव्हापासून दर वर्षी मी तो भांड्यांचा मुद्दा शिकवतो. मुलं खाली मान घालून उतरवून घेतात, अधोरेखित करतात, 'सर, हे येणार का?' विचारतात. मी त्यांच्यावर खेकसतो.

यंदा एका मुलीनं मात्र पेन खाली ठेवलं. म्हणाली, "सर, हे तुम्हाला कसं सुचलं?"

म्हटलं, "खूपदा पाहून."

तिनं तेही लिहून घेतलं. माझ्यामागे फळ्यावर चार अपेक्षा होत्या, शेवटची दुसऱ्याचं न उतरवण्याची. तास संपल्यावर फळा मुलं पुसतात. त्या दिवशी तो मी पुसला, ती बाकावरून उठायच्या आत.