चायनीज येतं म्हणालो होतो

केटरिंग कंपनीच्या मॅनेजरने फोनवर एकच प्रश्न विचारला होता, "चायनीज येतं का?" आणि मी "येतं" म्हणालो होतो. त्यात खोटं काही नव्हतं. ओमानमध्ये सहमला मोठ्या रस्त्यालगतच्या एका कॅफेटेरियात मी नऊ वर्षं चायनीजच करत होतो. हक्का नूडल्स, शेजवान राइस, मंचुरियन. त्याआधी चिपळूणला, एस.टी. स्टँडासमोरच्या हॉटेलात तेच. कॅफेटेरियाचा अर्बाब, म्हणजे मालक, वारला, मुलांनी जागा दुसऱ्याला दिली, आणि महिन्याभरात दुसरीकडे व्हिसा लागला नाही तर मला बायको-मुलीला घेऊन रत्नागिरीला परतावं लागणार होतं. अशा वेळी "कुठलं चायनीज?" हे मी उलट विचारलं नाही. विचारायला हवं, हे मात्र फोन ठेवतानाच कळत होतं.

काम दुक्मला होतं. रिफायनरीच्या बाजूला एका प्रकल्पावर चीनहून आलेले चाळीसेक फिटर, वेल्डर आणि परांच्या बांधणारे स्कॅफोल्डिंगवाले होते. त्यांचा स्वतःचा आचारी मुतखड्याच्या दुखण्याने मायदेशी गेला होता. नव्याचे कागद व्हायला तीन महिने लागणार होते. तोवर त्यांची मेस मी सांभाळायची.

पहिल्या दुपारी मी माझं सगळ्यात चांगलं काम दाखवायचं ठरवलं. कोबी, गाजर, सिमला मिरची केसासारखी बारीक चिरली. सुक्या मिरच्या वाटून शेजवान सॉस केला. सहमला या वासावर गाड्या थांबायच्या. इथे माणसं रांगेने आली, ताटं घेऊन बसली, आणि मेसमध्ये बोलणं हळूहळू थांबलं. पुढच्या टेबलावर पन्नाशीचा एक वाळकासा माणूस होता. तो स्कॅफोल्डिंगवाल्यांचा फोरमन होता, हे मला नंतर कळलं. त्याने एक घास घेतला, चावला, आणि चॉपस्टिक्स ताटाच्या काठावर सरळ ठेवून दिल्या. मग उठून खोलीवर गेला, पाकिटातले कपवाले नूडल्स घेऊन आला आणि गरम पाण्याच्या नळापाशी उभा राहिला. त्याच्यामागे दुसरा. मग तिसरा. कोणी चिडलं नाही. रांग दारापर्यंत गेली आणि मी हातात झारा धरून काउंटरमागे उभा राहिलो.

त्यांच्याबरोबर एक दुभाषा होता, चष्मेवाला, इंग्रजी नीट बोलणारा. तो काउंटरपाशी आला.

"ते विचारताहेत, हे कुठल्या देशाचं जेवण आहे?"

"हक्का नूडल्स," मी म्हणालो.

तो थोडा घोटाळला. "हक्का हे आमच्याकडचे दक्षिणेतले लोक. पण ते असलं काही करत नाहीत."

संध्याकाळी मॅनेजरने ऑफिसात बोलावलं. हा केरळचा माणूस, आवाज कधी चढवत नसे, त्यामुळे त्याची जास्त भीती वाटायची. आमचं बोलणं हिंदीत चाले. "ही माणसं दिवसभर उंचावर काम करतात," तो म्हणाला. "उपाशी वर चढली तर मला झोप लागणार नाही. आणि यांची तक्रार वर गेली तर मेस आपल्या हातातून गेली. गुरुवारपर्यंत बघतो. शुक्रवारी मस्कतला बस जाते."

तो सोमवार होता. बायकोचा फोन आला. "जमतंय ना?" तिने विचारलं. मी म्हणालो, जमतंय. "आवाज असा का येतोय मग?" मी म्हणालो, वारा आहे. दुक्मला वारा असतोच.

मंगळवारी सकाळी मी दुभाष्याला गाठलं आणि सरळ विचारलं, "यांना काय हवं? नूडल्सच ना?"

"नूडल्सच. पण कुणाचे?" त्याने वही काढली आणि खोल्यांच्या यादीप्रमाणे एकेकाचं सांगायला लागला. लांचोऊचे लोक हाताने ओढून तार काढतात आणि बीफच्या नितळ सूपमध्ये खातात. शान्शीचे लोक पिठाचा गोळा हातावर धरून सुरीने त्याच्या पात्या उकळत्या पाण्यात उडवतात, वर काळं व्हिनेगर. वूहानवाले सूप घेतच नाहीत, तिळाची पेस्ट कालवून सकाळी नाश्त्यालाच नूडल्स खातात. सिचुआनवाल्यांना तिखट लागतं, पण नुसतं तिखट नाही, जीभ बधिर झाली पाहिजे. कँटनकडच्यांना अंड्याचे बारीक नूडल्स आणि कोळंबी भरलेली पिठाची पुरचुंडी. उत्तरेकडच्यांना तळलेल्या सोयाबीनच्या पेस्टचा घट्ट सॉस आणि वर कच्ची काकडी.

मी ऐकत होतो. वीस वर्षं ज्याला मी चायनीज म्हणत होतो, त्यातलं एकही नाव या वहीत नव्हतं. दुभाष्याने वही मिटली आणि माझ्याकडे बघितलं. "तुम्ही यातलं काय काय केलंय?"

"थोडं थोडं," मी म्हणालो. हे मात्र खोटं होतं, आणि ते त्याला कळलं असं मला वाटलं.

त्या दुपारी मी साधा भात, अंडी आणि कोबी ठेवला. निम्मे आले, निम्मे खोल्यांवर पाकिटं खात राहिले. फोरमन आला नाही.

भांडी आवरत असताना मागच्या दारातून कुणीतरी सलाम केला. मी वळून बघितलं. वेल्डिंगच्या कपड्यातला एक रुंद खांद्यांचा माणूस, डोक्यावर पांढरी टोपी. चेहऱ्याने चिनी. मी सलामचं उत्तर दिलं आणि बघतच राहिलो. तिकडेही आपले मुसलमान लोक आहेत हे ऐकून होतो, समोर कधी कुणी उभं राहिलं नव्हतं. तो लांचोऊचा. जुन्या आचाऱ्याच्या हातचं त्याने वर्षभर खाल्लं नव्हतं, कारण तो डुकराची चरबी वापरायचा. त्याने पिठाच्या पोत्याकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या हातांकडे.

त्याला इंग्रजी येत नव्हतं, मला चिनी. दोघांना साइटवरचं मोडकंतोडकं अरबी येत होतं, तेवढ्यावर भागलं. त्याने मैदा, मीठ, पाणी घेतलं, चिमूटभर सोडा मागितला आणि मळायला बसला. नुसतं मळणं नव्हतं ते. ओट्यावर आपटायचा, पिळायचा, पुन्हा आपटायचा. मग झाकून ठेवलं. मी घाईने उघडायला गेलो तर त्याने माझं मनगट धरलं. "सबर," म्हणाला, दम धर. अर्ध्या तासाने त्याने त्याची दोरी केली, दोन्ही टोकं धरून ओढली, दुमडली, पुन्हा ओढली. दोनाच्या चार, चाराच्या आठ. आठव्या दुमडीला त्याच्या बोटांत तारांचा पडदा लोंबत होता.

मी करून बघितलं. दुसऱ्याच दुमडीला तुटलं. पुन्हा मळलं, पुन्हा तुटलं. "शुवैया, शुवैया," तो म्हणत राहिला, जोर लावू नको, हळू. बाहेरून येणाऱ्या वाऱ्याने पीठ वरून सुकत होतं आणि माझ्या हातांना घाम सुटला होता. गुरुवारपर्यंत हे मला येणार नाही, एवढं मला पंधरा मिनिटांत कळलं. त्यालाही कळलं असावं. त्याने उरलेला गोळा उचलला, माझी सुरी घेतली आणि गोळ्याची एक पाती कापून पातेल्यात उडवली. मग सुरी माझ्या हातात दिली. हे शान्शीचं काम होतं, त्याच्या गावचं नव्हे. पण माझी सुरी चालते, हे त्याने कोबी चिरताना पाहिलं होतं.

बुधवारी अकराच्या सुमारास मी सूपसाठी बीफची हाडं उकळत ठेवली होती. मॅनेजरची गाडी मेससमोर जोरात थांबली. तो आत आला आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला होता.

"फोरमन पडला."

माझ्या हातातलं झाकण सुटलं. "वरून?"

"खाली उतरल्यावर. वर असता तर?" त्याने वाक्य पुरं केलं नाही. "क्लिनिकमध्ये सलाईन लावलंय. डॉक्टर म्हणतात, ऊन आणि रिकामं पोट. दोन दिवस पाकिटांवर आहे तो."

दुभाषा त्याच्या मागोमाग आला होता. तिघेही भटारखान्यात उभे होतो. दुभाष्याने मला विचारलं, शांतपणे, "खरं सांगा. तुम्ही आमचं जेवण कधी केलंय का?"

मी ओट्याला हात टेकला. खोटं बोलायला आता जागाच उरली नव्हती. "नाही," मी म्हणालो. "मी करतो ते आमच्याकडचं चायनीज. तुमचं मी आयुष्यात पहिल्यांदा काल ऐकलं. हे मी पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं."

मॅनेजर माझ्याकडे वळला. "मला फोनवर का नाही सांगितलं?"

"व्हिसा संपत आला होता, साहेब."

तो नुसता जाऊन खुर्चीवर बसला. मला वाटलं, आता शुक्रवारचीही वाट बघणार नाहीत. पण सूप गॅसवर होतं, आणि क्लिनिकमध्ये एक माणूस माझ्यामुळे उपाशी पडला होता. "साहेब, त्यांच्यासाठी एक वाडगा करू द्या," मी म्हणालो. "मग बॅग भरतो."

दुभाष्याने सांगितलं, फोरमन शान्शीचा. आजारी माणसाला तिकडे टोमॅटो आणि अंड्याची भाजी घालून पातळ नूडल्स देतात. पीठ मी सकाळीच मळून ठेवलं होतं. गोळा डाव्या हातावर धरला, सुरी आडवी लावली आणि उकळत्या पाण्याच्या दिशेने मारली. पहिल्या पात्या जाड पडल्या. एक बाहेर उडाली. मग हात बसला. विचार थांबवला तेव्हा बसला. टोमॅटो परतले, अंडं फेटून घातलं, मीठ बेताचं. वाडगा फॉइलने झाकून मांडीवर धरला आणि मॅनेजरच्या गाडीत मागे बसलो. क्लिनिकपर्यंत दहा मिनिटांचा रस्ता होता. सूप सांडू नये म्हणून मी वाडगा दोन्ही हातांनी धरला होता.

फोरमन उशीला टेकून बसला होता. चेहरा पिवळट, ओठ फुटलेले. त्याने फॉइल काढलं आणि वाडग्यात बराच वेळ बघितलं. चॉपस्टिकने एक पाती उचलून उजेडात धरली, कशी कापलीय ते पाहिलं. मग खाल्ली. दुसरी खाल्ली. दुभाष्याला काहीतरी म्हणाला.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"जाड झाल्यात म्हणतात. बायको पातळ करते. आणि व्हिनेगर नाही."

मॅनेजरने माझ्याकडे बघितलं नाही. फोरमन मान खाली घालून खात राहिला. सावकाश, मधे थांबून, पण शेवटी त्याने वाडगा उचलून तोंडाला लावला आणि रिकामा करून माझ्या हातात दिला. मी दाराशी पोचलो तेव्हा तो पुन्हा बोलला. दुभाष्याने सांगितलं, "त्यांच्या खोलीत गावचं व्हिनेगर आहे. उद्या मेसमध्ये घेऊन येतील."

परतताना गाडी थांबवून मॅनेजर म्हणाला, "उद्या दुपारी सगळ्यांसाठी हेच कर. खोटं बोललास ते मी विसरणार नाही. पण नवा माणूस येईपर्यंत दुसरं कोण आहे मला?"

गुरुवारी मी पहाटे उठून पीठ मळलं. वेल्डर कामाच्या आधी तासभर येऊन सूप चाखून गेला, मुळ्याच्या चकत्या घालायला लावल्या. दुपारी माणसं आली. कोणी नळाकडे गेलं नाही. पण सगळे खूश झाले असंही नाही. कँटनवाल्याने वाडगा अर्धा ठेवला. वूहानवाला सूप बाजूला ओतून नुसत्या पात्या खात होता. सिचुआनचा एक फिटर उभा राहून माझ्या मसाल्याच्या डब्यात डोकावला, एक कोरडं फळ उचलून त्याने दातांखाली धरलं आणि थबकला. ते तिरफळ होतं. बायकोने बांगड्याच्या कालवणासाठी डब्यात टाकलेलं. त्याने जीभ बाहेर काढून हाताने वारा घातला आणि दोस्तांना हाका मारल्या. त्यांच्याकडचं जीभ बधिर करणारं फळ याच्याच नात्यातलं निघालं. दुसऱ्या आठवड्यापासून मी तेलात तिरफळ आणि मिरची परतून वेगळी वाटी ठेवायला लागलो.

त्या तीन महिन्यांत मी घाबरलेलाच होतो. रोज काउंटरमागे उभं राहून वाडगे मोजायचो, किती रिकामे परत येतात ते. वूहानवाल्यांसाठी तीळ भाजून इथल्या ताहिनीत, म्हणजे तिळाच्या पेस्टमध्ये, वाटले. दुक्मच्या किनाऱ्यावरची कोळंबी आणून पुरचुंड्या भरल्या, निम्म्या पाण्यात सुटल्या. ओढलेले नूडल्स मला पाचव्या दुमडीपुढे कधीच जमले नाहीत. बायकोला सगळं खरं सांगितलं ते पहिल्या सुट्टीत. ती ऐकून घेऊन म्हणाली, "मग त्या फोरमनला आता बरं आहे ना?" तेवढंच विचारलं.

बरा होता. पण वेल्डर नवा आचारी येण्याआधीच दुसऱ्या प्रकल्पावर गेला. सकाळची बस होती. मी त्याला वाटेसाठी हाताने ओढलेल्या नूडल्सचा डबा भरून दिला. त्याने तो उघडला, नूडल्स उचलून बघितले, आणि एकेक बोट दुमडत माझ्या पाच दुमड्या मोजल्या. मग माझा हात दोन्ही हातांत धरला, "इन्शाल्ला" म्हणाला आणि बसमध्ये चढला.