दहा अंक

नव्वदीच्या दशकात एका वर्षी, दिवाळीपूर्वी दीड महिना, माझा उजवा खांदा आखडला. हात कानापर्यंतही जाईना. सुरतेत उधन्याच्या कापड कारखान्यात मी सहा माग सांभाळीत असे. वरच्या चौकटीत अडकलेला धागा सोडविण्यास हात डोक्यावर न्यावाच लागे. मुकादमाने माझ्या मागांवर दुसरा माणूस उभा केला. म्हणाला, "दिवाळीची सुट्टी संपली की या आणि हात वर करून दाखवा. नाही गेला, तर हाच कायम."

धर्मादाय दवाखान्यात व्यायाम शिकविणाऱ्या बाई होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. भिंतीवर बोटे चालवीत हात वर न्यायचा, दुखेल तेथे थांबून दहा अंक मोजायचे, मग खाली आणायचा. असे रोज तीन वेळा करण्यास त्यांनी सांगितले.

मी एकही वेळ चुकविली नाही. रिकामे बसणे मला जमत नव्हते. खोलीत फेऱ्या घालून मी पुन्हा भिंतीपाशीच येई. हात पोचे तेथे पेन्सिलीची रेघ ओढली होती. ती महिनाभर हलली नाही.

"काका, घर पे सच में करते हो, कि मुझे बना रहे हो?" बाईंनी विचारले.

"हात हलवताय की मागावरचा धोटा मारताय?" बायको म्हणाली.

दिवाळीला गल्लीतले सगळे माग बंद झाले. त्या सकाळी मी हात दुखेपर्यंत वर नेला, 'एक' म्हटले, आणि 'दोन' केव्हा म्हणावे ते कळेना. तेव्हा ध्यानात आले. भिंतीपलीकडे शेजाऱ्याचे माग चालत. त्यांच्या एका ठोक्याला मी एक अंक धरीत आलो होतो. माझे दहा अंक दोन श्वासांत संपत होते.

"तू मोज," मी बायकोला म्हणालो.

करंजी मुडपता मुडपता ती मोजू लागली. सहाव्या अंकाला मी हात काढला.

"सहाच झालेत. भिंत पळून चालली नाही कुठं."

सुट्टीभर तिनेच मोजले. रेघ चार वेळा पुसून वर ओढली.

कारखाना उघडला. मुकादम म्हणाला, "करा वर." खांद्यातून कळ गेली, पण बोटे चौकटीला टेकली.

"सध्या तीनच माग घ्या."

घेतले.

संध्याकाळी भिंतीपाशी उभा राहिलो, तेव्हा पलीकडचे माग सुरू झाले होते. बायको स्टोव्हपाशी होती. मी हात वर नेला आणि तिच्या पहिल्या अंकाची वाट पाहिली.