किलोची वीट आणि बर्फाचा खडा

नोकरीतली बरीच प्रकरणे आता माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता आरोपी कोणत्या गुन्ह्यातला, हे आठवायला वेळ लागतो. या एका प्रकरणाचे मात्र तसे झाले नाही. त्यातला टेबलावरचा एक देखावा आजही मिटल्या डोळ्यांना दिसतो.

तेव्हा मी बिबवेवाडीच्या बाजूच्या एका पोलीस ठाण्याचा प्रमुख होतो. चांदीचा भाव चढत होता आणि जो तो चांदीविषयी बोलत होता. ठाण्यात सकाळचा चहा आला की आमचे हवालदारसुद्धा आधी भाव पाहत आणि मग हजेरी लावत. अक्षय्य तृतीया होऊन चार दिवस झाले होते. सकाळी अकराच्या सुमारास ठाणे अंमलदार आत आला आणि म्हणाला, "साहेब, बाहेर एक बाई आहेत. त्यांची तक्रार कोणत्या रकान्यात लिहू, ते कळेना."

बाई अडुसष्टच्या असाव्यात. सुती साडी, हातात कापडी पिशवी. मी विचारले, "काय तक्रार आहे आपली?"

"माझी काहीच नाही. शेजाऱ्यांची आहे."

"मग शेजारी कुठे आहेत?"

"कामावर. त्यांची तक्रार आहे, हे त्यांना अजून माहीत नाही."

खरे सांगतो, त्यांना दोन मिनिटांत वाटेला लावायचे मी मनात ठरवले होते. रिकामा वेळ असलेली माणसे आमच्याकडे पुष्कळ येतात. पण बाईंच्या बोलण्यात फापटपसारा नव्हता. एक वाक्य झाले की त्या थांबत आणि मला कळले का ते पाहत. म्हणून ऐकत राहिलो.

त्यांच्या समोरच्या खोल्यांत एक कुटुंब राहत होते. यवतमाळकडचा माणूस, पुण्यात एका कारखान्यात बारा वर्षे नोकरी, बायको आणि एक मुलगी. मुलीला परिचर्येच्या महाविद्यालयात घालायचे होते. त्यासाठी त्याने गावाकडचा जागेचा तुकडा विकला होता आणि जूनपर्यंत पैसे चांदीत ठेवायचे ठरवले होते. चांदी कोणत्या वजनात घ्यावी, असे त्याने बाईंना विचारले. बाई म्हणाल्या, शंभर शंभर ग्रॅमचे तुकडे घ्या. त्याने ऐकले नाही आणि एक एक किलोच्या दोन विटा घेतल्या. तृतीयेला त्या देवापुढे मांडल्या आणि बाईंना पन्हे प्यायला बोलावले.

"पन्ह्यात बर्फ होता," बाई म्हणाल्या. "एक खडा मी विटेवर ठेवला. सहज. तो तसाच बसून राहिला."

"मग?"

"साहेब, चांदीवर बर्फ बसत नाही. पळतो. घरी येऊन माझ्या तुकड्यावर ठेवून पाहिला, तर पळाला. त्यांची वीट वरून चांदी आहे. आतून नाही."

मी विचारले, "हे तुम्हाला कसं कळतं?"

"एका महाविद्यालयात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहायक होते. एकतीस वर्षं."

"मग शेजाऱ्यांना का नाही सांगितलं?"

"सांगितलं की ते तडक विकणाऱ्याकडे जाणार आणि भांडणार. विकणारा तासाभरात गायब. ते जूनमध्ये वीट मोडायला नेतील तेव्हा कळणारच आहे, पण तोवर हा विकणारा पुण्यात असेल का? म्हणून तुमच्याकडे आले."

चार दिवस बाई जिन्यात रोज शेजाऱ्याला भेटत होत्या, त्याच्या मुलीच्या प्रवेशाची चौकशी करत होत्या आणि मनात हे घेऊन वावरत होत्या. मी स्टेशन डायरीला नोंद घ्यायला लावली.

विकणारा दुकानदार नव्हता, हे बाईंकडूनच कळले होते. सोसायट्यांच्या सभागृहांत तो गुंतवणुकीवर बोलायचा आणि तिथेच मागणी नोंदवून घ्यायचा. पुढच्या रविवारी हिंजवडीत त्याचे भाषण होते. एका हवालदाराला घेऊन मी साध्या कपड्यांत गेलो. समोर सगळी संगणक कंपन्यांतली तरुण मंडळी. माणूस चाळिशीचा, पांढरा शर्ट, आवाज मऊ.

"हे पाहा," तो सांगत होता, "दहा ग्रॅमचं नाणं घेतलंत तर मजुरी सगळ्यात जास्त. शंभर ग्रॅमला कमी. किलोच्या विटेला सगळ्यात कमी. तेवढ्याच पैशात जास्त चांदी घरी येते. नाणी भेट द्यायला घ्या, हवी तर. गुंतवणूक करायची तर वीट."

एका मुलीने विचारले, "सर, प्युअर आहे हे कसं चेक करायचं?"

त्याने खिशातून दहा ग्रॅमचे नाणे काढून तिच्या हातात ठेवले. "हे घेऊन जा. कुठल्याही सराफाकडे तपासा. खोटं निघालं तर मला जाब विचारा."

त्यातले एकही वाक्य खोटे नव्हते. मजुरीचा हिशेब बरोबर होता आणि आम्ही नंतर तपासले तर नाणीही अस्सल होती. परतताना हवालदार गाडीत हळूच म्हणाला, "साहेब, वीट खरंच स्वस्त पडते हो." मलाही तेच वाटत होते.

विकणाऱ्याला चौकशीसाठी बोलावले. तो वेळेवर आला, वकिलाला न घेता. समोर खुर्चीत निवांत बसला. यवतमाळच्या गृहस्थालाही मी विटांसकट बोलावून घेतले होते. एका अनुभवी सराफाला तज्ज्ञ म्हणून आणले होते. सराफाने वीट तोलली, मापली, कसोटीवर घासली, तपासणी यंत्राखाली धरली. सगळीकडे शुद्ध चांदी.

"यंत्र वरचा थरच वाचतं," सराफ मला बाजूला घेऊन म्हणाला. "आतलं पाहायचं तर कापावी लागेल. आणि खरी निघाली, तर कापलेल्या विटेला छापाच्या विटेचा भाव कोण देणार?"

विकणारा हसून म्हणाला, "कापा की साहेब. फक्त नुकसान कोण भरून देणार, तेवढं लिहून द्या."

पंचाईत झाली. प्रयोगशाळेच्या अहवालाला वेळ लागणार होता आणि तोवर त्याला रोखून धरायला माझ्या हातात काही नव्हते. मी बाईंना बोलावणे पाठवले.

त्या आल्या. शेजाऱ्याला पाहून म्हणाल्या, "तुम्हाला आधी सांगितलं नाही, राग धरू नका." मग सराफाला विचारले, "तुमच्या खात्रीची किलोची वीट आणता येईल?" दुकानातून वीट आली. समोरच्या रसवंतीतून बर्फ मागवला. बाईंनी ती आणि शेजाऱ्याची एक, अशा दोन विटा टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या, फडक्याने पुसल्या आणि अर्धा तास कुणालाही हात लावू दिला नाही. "दोन्हींना खोलीचं तापमान येऊ दे," म्हणाल्या. एका पोलीस ठाण्यात सात माणसे अर्धा तास दोन विटांकडे बघत बसली, असे मी आधी कधी पाहिले नव्हते.

मग त्यांनी सारख्या आकाराचे दोन खडे एकाच वेळी ठेवले.

सराफाच्या विटेवरचा बर्फ ठेवताक्षणी सुटला. तव्यावर लोणी ठेवावे तसा तो सरकू लागला, खालून पाणी धावले, विटेच्या कडेवरून ओघळले. वीट तापलेली नव्हती. मी स्वतः हात लावून पाहिला; गार होती, क्षणाक्षणाला आणखी गार होत होती. बर्फाने जणू तिच्या अंगातली सगळी ऊब ओढून घेतली होती. बघता बघता खडा नाहीसा झाला. शेजाऱ्याच्या विटेवरचा खडा अजून उभा होता, कोपरे जेमतेम झिजलेले.

इतकी वर्षे चांदी हाताळणारा सराफ पुन्हा पुन्हा आपल्याच विटेवर बोट फिरवत होता. धातूच्या पोटातले असे डोळ्यांदेखत वर येते, हे मला माहीतच नव्हते.

विकणाऱ्याने बाईंकडे पाहिले. "बाई, तुम्ही काय शिकवता?"

"काही नाही. शिकवणाऱ्यांसाठी मांडामांड करायचे."

मी यवतमाळच्या गृहस्थाकडे वळलो. तो भिंतीला टेकून उभा होता. "कापायची का?" मी विचारले. "वीट तुमची आहे. तुम्ही म्हणाल तसं."

"कापा साहेब," तो म्हणाला. "खोटं असन तर आजच समजू द्या. जूनात समजून मले काय उपेग?"

पंचांसमोर वीट कापली. करवत आधी जड चालली आणि मग एकदम मऊ. आतला गाभा काळपट राखाडी होता. शिसे आणि वजन-आकार जुळवायला मिसळलेले आणखी काही. भोवती चांदीचे जाड कवच. गृहस्थाने तो काप हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि मटकन खाली बसला. "दुसरीही अशीच असन," एवढेच म्हणाला. बाई त्याच्या शेजारी फरशीवर बसल्या.

गुन्हा नोंदवला, अटक केली. पोलिसांपुढचा कबुलीजबाब न्यायालयात टिकत नाही. टिकतो तो आरोपीने काढून दिलेला मुद्देमाल. त्यामुळे आमच्या चौकशीत आवाज चढवून उपयोग नसतो. मी कापलेली वीट त्याच्यासमोर ठेवली आणि गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी दुपारी तो म्हणाला, "चला, दाखवतो." कात्रजच्या पुढे डोंगराच्या अंगाला पत्र्याची शेड होती. त्यात भट्टी, साचे, शिशाचे ठोकळे आणि विकत घेतलेली खरी चांदी होती. नाणी खरी ठेवायची, कारण लोक तीच तपासायला नेतात. आणि वीट कुणी कापत नाही. एवढ्या एका निरीक्षणावर त्याने सगळा धंदा उभा केला होता.

बाईंचा जबाब पुरा करायला मी त्यांच्या घरी गेलो. मी विचारले, "तुम्ही त्यांना तुकडेच घ्या म्हणालात, तेव्हा विटेविषयी संशय होता का?"

"मुळीच नाही. विटेला मजुरी कमी, हे खरंच आहे. पण आमच्या यजमानांच्या आजारपणात माझ्याकडे अर्ध्या किलोची वीट होती. गरज होती थोड्याची, मोडावी लागली सगळी, आणि भाव पडलेला. तेव्हापासून मी चांदी घेताना किती ग्रॅम हे नंतर ठरवते. कुठल्या कामाला मोडायची, ते आधी."

जूनमध्ये मुलीचा प्रवेश झाला. जप्त चांदी न्यायालयाच्या आदेशाशिवाय सुटत नाही, हे मला माहीत होते. म्हणून फीचे पैसे कुठून आणले, असे मी गृहस्थाला विचारले. त्याने समोरच्या दाराकडे बोट दाखवले. बाईंनी त्यांचे तुकडे काढून दिले होते. मी बाईंना म्हणालो, "काही कागद केलात का?"

"कशाला? जिना एकच आहे आमचा."

पुढे खटला उभा राहिला. बचावाच्या वकिलांनी बाईंना शिक्षण विचारले. त्या म्हणाल्या, "अकरावी." वकिलांनी आवाज चढवला, "मग वीट खोटी आहे, हे आपण कोणत्या अधिकारानं ठरवलंत?"

"मी कुठे ठरवलं? मी बर्फ ठेवला आणि बघत बसले."

आरोपीला शिक्षा झाली. सापडलेली चांदी पुष्कळ महिन्यांनी फसलेल्यांत वाटली गेली; सगळ्यांना सगळी मिळाली नाही. यवतमाळच्या गृहस्थाला मिळाली तेवढी त्याने बाईंच्या घरी नेऊन दिली.

एकतीस वर्षे त्या बाई प्राध्यापकांच्या मागे उभ्या राहून प्रयोग बघत होत्या आणि त्यांना काय दिसते, हे बहुधा कुणी विचारले नसेल. मीही विचारणार नव्हतो. हे मला आजही टोचते. त्यानंतर एका कार्यालयात चोरी झाली तेव्हा तिथले मोठे साहेब केबिनमध्ये माझी वाट पाहत होते. मी त्यांना थांबायला सांगितले आणि पहिला जबाब चहा देणाऱ्या मावशींचा घेतला. दुपारच्या जेवणाआधी चोर ठाण्यात होता.