बापाने दिलेली कबुली

ती सकाळ मी अजून विसरलेलो नाही. आमगाव तालुक्यातल्या एका गावाचा मामा तलाव, म्हणजे मालगुजारांच्या काळातला जुना तलाव, मेलेल्या माशांनी पांढरा पडला होता. मासेमारी सोसायटीची माणसे पाळीवर, तलावाच्या बांधावर, डोक्याला हात लावून बसली होती. त्यांच्या घरांचे वर्षभराचे पोट त्या पाण्यावर होते. मी तेव्हा तिथला ठाणेदार होतो.

खबर पोलीस पाटलाने दिली. आदल्या संध्याकाळी सोसायटीतला एक म्हातारा ढीवर, म्हणजे मासेमार, पाळीवर एकटाच दिसला होता. त्याच्या मुलाला सोसायटीने सभासद करून घेतले नव्हते आणि त्यावरून भर सभेत भांडण झाले होते. गावाने निकाल देऊन टाकला होता. म्हाताऱ्याला ठाण्यात आणून बसवले, तर मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "मीच विष टाकलो, साहेब. लिवून घ्या."

इतक्या स्वस्तात मिळालेल्या कबुलीवर पोलिसाने भरवसा ठेवू नये.

"कोणतं विष?"

"धानावर मारतेत थे."

"डबा कुठाय?"

"तलावात फेकलो."

जाळी ओढून तलाव पालथा घातला, डबा सापडला नाही. म्हाताऱ्याला त्याची फिकीर नव्हती. तो पुन्हा पुन्हा एकच विचारत होता, "मी कबूल झालो, आता दुसऱ्या कोणाले तं नाही ना आणसान?" गुन्हेगार स्वतःच्या शिक्षेचे विचारतो. हा माणूस दुसऱ्याच कुणाची काळजी करत होता.

मी पंचांना घेऊन पुन्हा तलावावर गेलो. नाला जिथे तलावाला मिळतो तिथेच मेलेल्या माशांचा सगळ्यात जाड थर होता आणि नाल्यातले दगड गंजाने तांबडे झाले होते. तो तांबडा माग धरून आम्ही वर चढलो, तो थेट गॅसच्या पाइपलाइनच्या कामावर पोचलो. ही लाइन पुढे गॅसला दाब देणाऱ्या कॉम्प्रेसर स्टेशनला जोडायची होती. तिथल्या इंजिनिअरने आढेवेढे न घेता सांगितले. गॅस सोडण्याआधी लाइनमध्ये पाणी भरून दाब देतात, कुठे गळत तर नाही ना हे पाहतात. पाइप आतून गंजू नये म्हणून त्या पाण्यातला प्राणवायू औषध घालून काढून टाकतात. नंतर ते खड्ड्यात साठवून, हवा देऊन मगच सोडायचे असते. इथे खड्डाच खणला नव्हता; पाइपमधल्या आधीच्या गंजासकट ते पाणी थेट नाल्यात सोडले होते. मासे विषाने नव्हे, गुदमरून मेले होते.

"व्हॉल्व्ह कोणी उघडला?"

त्याने एका मजुराचे नाव सांगितले. तो म्हाताऱ्याचा मुलगा होता.

मुलाचे नाव काढताच म्हातारा बोलता झाला आणि सगळा उलगडा झाला. त्या संध्याकाळी म्हाताऱ्याने पाळीवरून मुलाला नाल्याच्या तोंडाशी हात धुताना पाहिले होते. सकाळी मासे मेलेले दिसले आणि सभेतल्या भांडणाचा राग मुलाने असा काढला, असे बाप धरून चालला. म्हणून तो स्वतः पुढे झाला होता.

मुलाला जबाबासाठी बोलावले. "सुपरवायझरनं सोड म्हटलं, मी सोडलो. पाणीच तं होतं," एवढेच तो म्हणाला. सुपरवायझर कामावरून गायब होता. कंत्राटदाराने हात झटकले आणि मजुराने परस्पर व्हॉल्व्ह उघडला असे लेखी दिले. चोर सोडून संन्याशाला फाशी. मी गुन्ह्यात सुपरवायझर आणि कंत्राटदार दोघांनाही घेतले, पण व्हॉल्व्हवरचा हात मुलाचा होता, त्याचेही नाव घालावे लागले. ते लिहिताना मला फार वाईट वाटले.

बापाला सोडताना दोघे ठाण्याच्या व्हरांड्यात समोरासमोर आले. कबुलीची गोष्ट तोवर मुलाला कळली होती. बाप आपल्यासाठी तुरुंगात जायला निघाला होता, हे ऐकून तो पाया पडेल असे मला वाटले.

तो म्हणाला, "बाबा, तुले मी असा वाटलो?"

म्हातारा वाकून आपल्या चपला शोधू लागला.

पुढे कोर्टात मुलगा सुटला, पण बायकोला घेऊन तो रायपूरकडे कामाला निघून गेला होता, तो परतला नाही. कबुली खोटी असली तरी ती देणाऱ्याच्या मनातले सगळे खरे सांगून जाते, हे मी त्या गुन्ह्याच्या तपासात शिकलो. बदली होऊन निघताना मी म्हाताऱ्याला मुद्दाम भेटलो आणि म्हणालो, "तुमचा मुलगा निर्दोष होता, बाबा. कोर्टानंही मानलं."

"कोर्टाले पुरावा पायजे होता, साहेब," तो म्हणाला. "मले कायले पायजे होता? मी तं बाप होतो."