सातचा दिवा

यंदा अकोल्याच्या उन्हाने शेजारच्या वसंतकाकांच्या फाटकावरचा दिवा बंद पाडला. काकू गेल्यावर परदेशी परतण्याआधी त्यांच्या मुलाने, नितीनने, तो बसवला होता. मोबाइलवरून चालणारा, जगात कुठूनही लावता येणारा. रोज संध्याकाळी सातला दिवा लागला की काका म्हणायचे, "नितीनला आठवण आली बघा." मग निवांत जेवायला बसायचे.

दोन दिवस दिवा लागला नाही, तेव्हा ते कासावीस झाले. मीच नितीनला फोन लावून दिला आणि स्पीकर चालू केला.

"बाबा, दिवा चालवणारी भिंतीवरची ती डबी एवढ्या उन्हात टिकत नाही. सावलीत बसवायला हवी होती."

"ते असू दे. तू बरा आहेस ना? दोन दिवस दिवा लावला नाहीस."

"मी कुठे लावतो, बाबा? तेव्हाच सातची वेळ लावून ठेवली होती. आपोआप लागायचा."

काकांनी फाटकाकडे पाहिलं. मग म्हणाले, "हो रे, ठाऊक आहे मला."

नितीनची काही चूक नव्हती. त्याने सोय केली होती, काकांनी तिलाच आठवण मानलं होतं. सोय करणं हीसुद्धा मायाच की, असं मी त्यांना म्हणणार होतो, पण तोवर ते आत निघून गेले होते.

वायरमनने आता तिथे साधं बटण बसवलंय. काका त्याला हात लावत नाहीत. कामावरून येताना मीच ते दाबतो.

"दिवा कुणी लावला?" काका आतून विचारतात.

"मी, काका."

"बरं," ते म्हणतात.