मावशींची भिंत

गल्लीकडच्या आमच्या उघड्या विटांच्या भिंतीला मी गिलावा करून घेतला, वर पांढराशुभ्र रंग दिला, आणि समोरच्या खिडकीतून किंकाळी आली.

"भाऊ! माझी भिंत कुठं गेली?"

भिंत माझी होती. पण समोर कॅमेऱ्याची भिंगं दुरुस्त करणाऱ्या मावशी गेली सव्वीस वर्षं तिचाच फोटो काढून भिंग तपासत होत्या, हे मला काय ठाऊक! मला वाटायचं, बाई आमच्या घरावर लक्ष ठेवून आहेत.

मावशी म्हणजे डोळ्याला भिंग, हातात चिमटा आणि जिभेला धार. नवरा गेल्यावर त्याच्या टेबलापाशी बसल्या, त्या बसल्याच. दुरुस्त केलेलं एकही भिंग तक्रार घेऊन परत आलेलं नाही, हा त्यांचा एकुलता एक दागिना.

"हे रुंद कोनाचं झूम मुळातच खोटारडं," दुरुस्तीला आलेलं भिंग नाचवत मावशींनी मला फैलावर घेतलं. "सरळ ओळीला पिंपासारखं पोट आणतं, कडेच्या माणसाचं डोकं भोपळ्याएवढं करतं. किती खोटं बोलतंय ते विटांच्या ओळींवर कळायचं. फोटोवाला संध्याकाळी न्यायला येतोय, उद्या त्याला अख्ख्या शाळेचा फोटो काढायचाय. आता तपासू कशावर? तुमच्या तोंडावर?"

"पण मागचं धूसर किती छान आलंय!" त्या झूमनं काढलेला कॅमेऱ्यातला फोटो बघत मी आपलं वातावरण निवळावं म्हणून म्हटलं.

"छान? मागच्या त्या दिव्याची वळ्यावळ्यांची कांद्याची चकती झालीय! ते जाऊ दे, ती त्याची जन्मखोड. फोटोचा कोपरा मात्र बिघडला तर नाव माझं जातं."

मी शिडी लावली आणि विटांच्या ओळींऐवजी पट्टी धरून भिंतीवर अकरा काळ्या रेषा ओढल्या. मावशींनी फोटो काढला. फोटोत रेषा डाव्या कोपऱ्यात खाली झुकलेल्या. भिंग उघडून काच केसभर सरकवली. कोपरा खालीच. तीनदा उघडलं, तीनदा माझा उद्धार झाला. चौथ्यांदा त्यांनी कॅमेराच उलटा धरला. खोट भिंगाची असती, तर तीही फिरून भिंतीच्या दुसऱ्या टोकाला गेली असती. ती जागची हलली नाही.

मावशींनी माझ्या रेषांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग तीनदा सरकवलेल्या, मुळात बरोबर बसलेल्या त्या काचेकडे. घड्याळात चार वाजले होते.

"मावशी," मी चाचरत विचारलं, "आता मी काय करू?"

"गिलावा खरवडा."