चाळीसची बदरुन्निसा छत्तीसची झाली

शारजात आमच्या अगदी वरच्याच मजल्यावर बदरुन्निसा राहते. मूळची गुहागरकडची. नवरा मोहिद्दीन हमरिया फ्री झोनमधल्या एका कंपनीत स्टोअर सांभाळतो, मुलगी मुनिबा दहावीत आहे. बदरू उंच, रुंद खांद्यांची, आणि आवाज असा की ती लिफ्टमध्ये शिरली की खाली लॉबीत कळावं. माझी तिची गट्टी जमली ती बॅडमिंटनमुळे. माझा नवरा बापू आणि मी मसाल्यांचा धंदा करतो. दिवसभर बसून माझं वजन वाढलं, म्हणून शनिवार सकाळच्या लेडीज बॅचला नाव घातलं. पार्टनर म्हणून मिळाली बदरू.

तिचा हात म्हणजे काय सांगू! टप्प्यात आलेलं शटल समोरच्या बाईच्या पायाशी असं आदळायचं की ती बिचारी मागे सरकायची. पण टप्प्यात आलं तर. दोन पावलं लांब पडलं की बदरू ते नुसतं बघायची, विमान बघावं तसं. धावायची नाही, उडी तर नाहीच. अख्खं कोर्ट मी पळून काढायची आणि घामाघूम होऊन तिच्यावर ओरडायची.

"अगं, हल की जरा!"

"गुडघा दुखतो ना, ताई."

मी विश्वास ठेवला. पण गुडघा दुखणारी बाई लिफ्ट बंद असताना सामानाच्या पिशव्या घेऊन जिने चढायची, तेव्हा मला काही ते पटेना.

उलगडा झाला चेंजिंग रूममध्ये. खेळ संपला होता, बाकीच्या बायका गेल्या होत्या. आतून दबका आवाज आला, "सुलभाताई, या ना जरा. अडकलेय."

जाऊन बघते तर बदरूचे दोन्ही हात वर आणि डोकं कपड्यात. ओढून काढलं तेव्हा कळलं, बाईने एकावर एक दोन ब्रा घातल्या होत्या. खांद्यावर पट्ट्यांचे लालभडक वळ, बगलेखाली घासून कातडी सोललेली.

"दोन कशाला गं?"

"एक दिसायला, एक धरायला," ती म्हणाली आणि आम्ही दोघी खाली बसून हसलो. हसणं थांबल्यावर मात्र ती हळूच म्हणाली, "पळते तेव्हा सगळं हलतं, ताई. दुखतं. आणि लोक बघतात असं वाटतं. लहानपणी शाळेत मी सगळ्यांच्या पुढे पळायची. नववीत सोडलं."

तिची पहिली ब्रा आईने बाजारातून आणलेली. दुकानदाराने काउंटरमागून एक नजर टाकली, "चौतीस" म्हणाला आणि कागदात गुंडाळून दिली. लग्नानंतर घट्ट व्हायला लागली तशी तिने छत्तीस घेतली, मग अडतीस, मग चाळीस. नंबर वाढवत गेली, पुढचं अक्षर कधी पाहिलंच नाही. खरं सांगायचं तर मीही कुठे पाहत होते? मी मिळेल ती 'बी' अक्षराची घ्यायची, रंग बरा असला की झालं.

"पुढच्या शनिवारी खेळायचं नाही," मी म्हटलं. "दुकानात जायचं. यल्ला, चल."

मुनिबाही आली. आईबरोबर अशा खरेदीला जायची तिला लाज, म्हणून ती मोबाईलमध्ये डोकं घालून चार पावलं मागे. दुकानातली नेपाळी बाई हिंदीत बोलत होती. तिने टेप घेतला, छातीच्या खाली एकदा, छातीवरून एकदा मोजलं आणि म्हणाली, "थर्टी-सिक्स, डबल डी."

"नाही नाही, मैं चालीस की हूँ," बदरू ठासून म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "आणि डबल कशाला? एका डीत भागत नाही का?"

त्या बाईने न हसता समजावलं. आकडा पाठीच्या घेराचा, अक्षर पुढच्या कपाचं. कप लहान पडतो म्हणून आपण घेर वाढवत जातो. मग पट्टा मागून वर चढतो, सगळा भार खांद्यावर येतो आणि वळ उठतात. भार धरायचा तो खालच्या पट्ट्याने. मी गुपचूप पाठीमागे हात लावून पाहिला. माझा पट्टा पार खांद्यापाशी पोचला होता.

बदरूने आधी रोजच्या वापराची एक घातली, सुती, साध्या कपाची. "आवळतेय!" आतून तक्रार. बाईने पट्ट्याखाली दोन बोटं सरकवून दाखवली, तेवढी जागा होती. हुक मुद्दाम सगळ्यात सैल ठेवायचा, कारण पट्टा वापरून सैल होतो, मग आतले हुक कामाला येतात. बदरूने वाकून सगळं नीट कपात बसवलं, हात वर केले, खाली केले. पट्टा जागचा हलला नाही. बराच वेळ ती आरशात बघत राहिली. "ताई, माझी कंबर आहे की!" ती म्हणाली. "इतकी वर्षं दिसलीच नव्हती."

खेळाची निवडायला मात्र वेळ लागला. पहिली डोक्यातून ओढून घालायची होती. आत गेली, बाहेर येईना; मलाच आत जावं लागलं. दुसरी सगळं सपाट दाबून टाकणारी. त्यात तिला धड श्वास घेता येईना आणि वरून बाहेर येत होतं ते वेगळंच. तिसरीला दोन्ही बाजूंना वेगवेगळे कप, रुंद पट्ट्या, पाठीला हुक. "यात उडी मारून बघा," दुकानातली बाई म्हणाली.

एक धप्प आवाज झाला. मग आणखी एक. मग ट्रायल रूमची भिंतच थरथरायला लागली.

"Mummy! What is happening in there?" मुनिबा कावरीबावरी.

"उड्या मारतेय!" बदरू आतून ओरडली. "मुनिबा, काहीच दुखत नाहीये गं!"

मी हसत होते. मुनिबा नाही. ती पडद्याजवळ गेली आणि खाली बघत म्हणाली, "Mummy, can I also get one?"

आतला आवाज थांबला. बदरूने पडद्यातून डोकं बाहेर काढलं.

"तुला कशाला हवी?"

"For PE. I don't go anymore. I tell Miss I have stomach pain." जरा थांबून, "Basketball also I left."

बदरूचा चेहरा उतरला. मला वाटलं आता रागावते. पण ती फक्त एवढंच म्हणाली, "मला का नाही सांगितलंस, बेटा?"

"You never talk about all this."

अबाया अंगावर घेऊन बदरू बाहेर आली, मुनिबाच्या हातातला मोबाईल काढून माझ्याकडे दिला आणि लेकीला दुकानातल्या बाईसमोर उभं केलं. "पहले इसका नाप लो. आणि मुनिबा, घट्ट वाटलं तर सांगायचं, टोचलं तर सांगायचं. लाजलीस तर खलास!" मग मायलेकी आत गेल्या, आणि थोड्या वेळाने आतून दोघींच्या उड्यांचे आवाज यायला लागले. मापासाठी मीही नंबर लावून ठेवला. निघाले चौतीस सी.

त्यानंतरच्या स्पर्धेत आम्ही पहिल्याच फेरीत हरलो, तेही सपाटून. कारण बदरू आता माझंही शटल घ्यायला धावते आणि आम्ही एकमेकींवर आदळतो. पण हरल्यावर ती लालबुंद चेहऱ्याने जी खूश होती, तशी जिंकलेली जोडीही नव्हती. मुनिबा बास्केटबॉलच्या प्रॅक्टिसला पुन्हा जायला लागली आहे. बास्केट पडत नाहीत म्हणून ती घरी येऊन चिडते, आणि बदरू त्यावर तिच्याशी तासभर भांडते.

परवा त्यांच्याकडे गेले तर खिडकीपाशी स्टँडवर आई आणि लेकीच्या ब्रा उघड्यावर वाळत होत्या. पूर्वी बदरूच्या घरात या वस्तू टॉवेलखाली लपून वाळायच्या. मोहिद्दीन धुवायच्या कपड्यांची बादली घेऊन उभा होता, वरच तशा आणखी दोन ब्रा.

"हे मशीनमध्ये टाकू का नको?" त्याने विचारलं.

"हाताने धुवायचं, पिळायचं नाही, ड्रायर तर अजिबात नाही," बदरू स्वयंपाकघरातून म्हणाली. "इलास्टिक जातं, हबीबी."

मोहिद्दीनने मान डोलावली, बाही वर केली आणि बाथरूममध्ये गेला.